तांबेऱ्याचे वंश

सातारा, सांगली, कोल्हापूर आणि बेळगांव या भागांत खपली नांवाचा एक गहूं फार पूर्वींपासून पिकत आला आहे. त्याचा दाणा लांबट व तांबूस, आणि टरफल इतकें चिकट कीं मळणी झाल्यावरही तें सुटत नाहीं. उखळांत घालून कांडावें, तेव्हां कोठें दाणा मोकळा होतो. सणासुदीच्या खिरीसाठीं आणि लापशीसाठीं जाणत्या गृहिणी आजही हाच गहूं मागून घेतात. कांडण्याची दगदग आणि बेताचें उत्पन्न यांमुळें त्याचें क्षेत्र मात्र फारसें वाढलें नाहीं. असा हा घरगुती गहूं १९२२ सालीं अमेरिकेंतील मिनेसोटा येथील दोन शास्त्रज्ञांनीं प्रसिद्ध केलेल्या एका यादींत आढळतो. यादी बारा गव्हांची आहे. लिटल क्लब, मार्किस, कोटा, मिंडम, कुबांका अशीं परदेशी नांवें तींत येतात, आणि सर्वांत शेवटीं नांव येतें तें खपलीचें.

ही यादी खाण्याच्या गव्हांची नव्हती, कीं पेरण्याच्याही नव्हती. सोनार जसा कसोटीवर सोनें घासून त्याचा कस पाहतो, तसा एका रोगाचा कस पाहण्यासाठीं हे बारा गहूं निवडलेले होते. तो रोग म्हणजे तांबेरा.

तांबेरा शेतकऱ्याला ओळखून द्यावा लागत नाहीं. पीक पोटरींत येऊन गेलेलें असतें, ओंब्या भरूं लागलेल्या असतात, आणि एखाद्या सकाळीं शेतांतून चालत गेलें कीं धोतराला विटकरी भुकटी लागते. पानावर अगर कांड्यावर बारीक पुळ्या उठून त्यांची साल फाटलेली दिसते आणि आंतून ही भुकटी बाहेर पडत असते. गव्हावर येणारे तांबेरे तीन. पिवळा तांबेरा पानावर शिवणीच्या टांक्यांसारख्या ओळींनीं उठतो आणि त्याला थंडी मानवते, म्हणून त्याचा जोर उत्तरेकडे. तपकिरी तांबेरा पानावर विखुरलेला असतो व तो जवळजवळ सर्वत्र सांपडतो. तिसरा काळा अगर खोडावरचा तांबेरा. तो उबदार हवेंत वाढतो, कांड्यावर लांबट जखमा करतो आणि पीक पिकत आलें म्हणजे काळा पडतो. मध्य हिंदुस्थान आणि दख्खन यांना भीति आहे ती मुख्यतः याची. कांड्याची साल फाटल्यामुळें मुळांनीं ओढलेलें पाणी ओंबीपर्यंत नीट पोहोंचत नाहीं, पानांत तयार झालेलें अन्न बुरशी मधल्यामध्यें खाऊन टाकते, आणि जो दाणा टपोरा व्हावयाचा तो सुरकुतून कोंड्याइतका हलका होतो. पंधरा दिवसांपूर्वीं ज्या शेताकडे पाहून कर्ज फिटेल असें वाटत होतें, त्या शेतांत कापणीची मजुरीही निघत नाहीं.

हा रोग नवा नव्हे. रोमन लोक एप्रिलच्या २५ तारखेस तांबेऱ्याच्या देवतेला तांबूस कुत्रा बळी देत असत. नर्मदेच्या खोऱ्यांत गेल्या शतकाच्याही आधींच्या शतकांत स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्यानें तांबेऱ्यानें गेलेलीं पिकें डोळ्यांनीं पाहिलीं, आणि १८४४ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासग्रंथांत त्यानें तें लिहून ठेवलें. लोकांनीं कारण शोधलें तें पापांत, ग्रहांत अगर दूषित वाऱ्यांत. वाऱ्याचा संशय अगदींच चुकीचा नव्हता, हें पुढें कळून येईल.

तांबेरा ही बुरशी आहे. त्या विटकरी भुकटीचा प्रत्येक कण म्हणजे एक बीजाणु. गव्हाच्या पानावर दंव पडलें आणि कांहीं तास ओल टिकली, कीं बीजाणूला कोंब फुटतो, तो पानाच्या सूक्ष्म रंध्रांतून आंत शिरतो, आणि हवा अनुकूल असली तर आठ-पंधरा दिवसांत तेथें नवी पुळी उठते. एका पुळींतून हजारोंनीं बीजाणु बाहेर पडतात. एका हंगामांत अशा कित्येक पिढ्या होतात. जिवंत हिरव्या झाडावांचून मात्र हिला जगतां येत नाहीं. इतर कित्येक बुरशा कुजक्या पानावर अगर शेणखतावर सुखानें राहतात, तसें हिचें नाहीं.

१८६५ सालीं जर्मन शास्त्रज्ञ आंतोन द बारी यानें या बुरशीचें एक चमत्कारिक दुहेरी जीवन उघडकीस आणलें. उन्हाळ्यांत गव्हावर राहणारी ही बुरशी वसंतांत बार्बेरी नांवाच्या कांटेरी झुडपावर जाते आणि तेथें तिचा नरमादीचा संसार होतो. बार्बेरी म्हणजे आपल्या दारुहळदीची बहीण. युरोप-अमेरिकेंतील शेतकऱ्यांना हा संबंध आधींपासून ठाऊक होता. अमेरिकेंतील कनेटिकट वसाहतीनें १७२६ सालींच हें झुडूप तोडण्याचा कायदा केला होता. विद्वानांनीं त्या काळीं शेतकऱ्यांचें म्हणणें मनावर घेतलें नाहीं. शास्त्राच्या इतिहासांत असें अनेकदां घडलें आहे.

तेव्हां प्रश्न असा उभा राहिला कीं, एकाच बुरशीचा गहूं, बार्ली, ओट, राय या सर्वांना सारखाच त्रास कां होत नाहीं? १८९४ सालीं स्वीडनमधील याकोब एरिक्सन यानें दाखवून दिलें कीं गव्हावरचा काळा तांबेरा ओटवर टाकला तर तो रुजत नाहीं आणि ओटवरचा गव्हावर रुजत नाहीं. सूक्ष्मदर्शकांत दोन्ही बीजाणु जवळजवळ सारखेच दिसतात. रूप एक आणि स्वभाव भिन्न. प्रत्येक धान्याची बुरशी आपल्या धान्याला धरून असते, असा याचा अर्थ झाला, आणि तेवढ्यावर पुष्कळांचें समाधान झालें.

याच सुमारास दुसरीकडे एक आशा उत्पन्न झाली. केंब्रिजच्या बिफेन यानें १९०५ सालीं असें सिद्ध केलें कीं, पिवळ्या तांबेऱ्याला दाद न देण्याचा गव्हाचा गुण मेंडेलच्या नियमानुसार बापाकडून मुलाकडे उतरतो. म्हणजे रोग न घेणारा एक गहूं आणि भरघोस पिकणारा दुसरा गहूं यांचा संकर करावा, आणि दोन्ही गुण ज्यांत उतरले आहेत तीं रोपें निवडून घ्यावीं. उपाय सापडला, आतां तांबेऱ्याचा निकाल लागला, असें वाटावयास हरकत नव्हती. पण अनुभव विचित्र येऊं लागला. एका प्रांतांत तांबेऱ्याला दाद न देणारा गहूं दुसऱ्या प्रांतांत लाल होई. आज जो टिकला तो पांच वर्षांनीं कोसळे.

याची एक उपपत्ति त्या काळीं लोकप्रिय होती. बुरशी मधल्या कुठल्या तरी नरम जातीवर कांहीं दिवस राहून हळूहळू शिकत जाते, आणि तेथून कणखर जातीवर चढण्याची तिला संवय होते, असें मार्शल वॉर्ड यांच्या मताचे लोक म्हणत. कल्पना मोहक आहे, कारण माणूस असाच शिकतो. मिनेसोटांतील एल्विन चार्ल्स स्टॅकमन या तरुण संशोधकानें ही कल्पना कुंड्यांत तपासून पाहिली. त्यानें बुरशीला पिढ्यानुपिढ्या मधल्या जातींवर वाढविलें. बुरशी कांहीं शिकली नाहीं. जी पहिल्या दिवशीं एखाद्या गव्हावर चढूं शकत नव्हती, ती शेवटच्या दिवशींही चढूं शकली नाहीं. म्हणजे बदल शिकवणुकीनें होत नव्हता. मग शेतांत गहूं कोसळत होता तो कशानें?

१९१७ सालीं स्टॅकमन आणि त्याचा सहकारी पीमायझेल यांनीं याचें उत्तर मांडलें. गव्हावरचा काळा तांबेरा ही एकच वस्तु नव्हेच. तिच्यांत अनेक वंश आहेत. डोळ्यांना ते सारखे, सूक्ष्मदर्शकाला सारखे, परंतु कोणता गहूं खावा आणि कोणता खाऊं नये हें प्रत्येकाचें ठरलेलें. वंश ओळखावयाचा तर त्याला विचारावयाचें कोणाला? गव्हालाच.

हीच ती बारा गव्हांची यादी. स्टॅकमन आणि लेव्हिन यांनीं १९२२ सालीं ती प्रसिद्ध केली तेव्हां तिच्या मदतीनें ३७ वंश निराळे काढलेले होते. रीत अशी. बारा गव्हांचीं लहान रोपें कुंड्यांत वाढवावयाचीं. पहिलें पान पुरतें उलगडलें कीं शेतांतून आणलेली भुकटी त्यांवर लावावयाची आणि रोपें एक रात्र दमट पेटींत ठेवावयाचीं. सुमारें चौदा दिवसांनीं पानें वाचावयाचीं. हो, वाचावयाचीं, या कामांतले लोक तोच शब्द वापरतात. पानावर नुसता फिकट ठिपका पडून आंतली बुरशी मेली असली तर गहूं जिंकला. लहान पुळी आणि तिच्याभोंवतीं मेलेल्या पेशींचें कडें असलें तर गव्हानें कांहीं प्रतिकार केला. मोठी पुळी आणि भोंवतीं हिरवेंगार पान म्हणजे बुरशीनें घर केलें. शून्यापासून चारपर्यंत असे गुण द्यावयाचे. लिटल क्लब हा गहूं जवळजवळ प्रत्येक वंशापुढें मान तुकवितो. खपली त्याच्या अगदीं उलट. बहुतेक वंश त्यावर फिकट ठिपक्यापलीकडे जाऊं शकत नाहींत. मधले दहा गहूं कुणाला होकार देतात, कुणाला नकार. या होकार-नकारांचा जो नमुना उमटतो, ती त्या वंशाची निशाणी. प्रत्येक नमुन्याला एक क्रमांक दिला गेला. पोलिसांनीं बोटांचे ठसे घ्यावे तसेंच हें होतें, एवढेंच कीं ठसा चोराच्या बोटाचा नसून ज्या घरांत तो शिरला त्या घराच्या भिंतीवरचा होता.

या क्रमांकांमागें शेतकऱ्याचा संसार कसा गुंतलेला होता, हें सीरीस या गव्हाच्या कथेवरून कळतें. सीरीस १९२६ सालीं नॉर्थ डाकोटांत शेतकऱ्यांना मिळाला. मार्किस आणि कोटा यांचा तो संकर. तांबेऱ्याला दाद देत नसे, अवर्षणांतही तग धरी, म्हणून थोड्याच वर्षांत लाखों एकरांवर तो पसरला. १९२८ सालीं तांबेऱ्याच्या एका नव्या वंशाची नोंद झाली. त्याला क्रमांक मिळाला ५६. सुरुवातीला तो नगण्य होता. परंतु त्याला सीरीसवर चढतां येत होतें, आणि सीरीसखेरीज दुसरें फारसें कांहीं पेरलेलेंच नव्हतें. ज्या वंशांना सीरीस खातां येत नव्हता ते मागें पडले, ५६ क्रमांक पुढें आला, आणि १९३५ सालीं ओलसर उबदार हवा लाभतांच नॉर्थ डाकोटांतील गव्हाचें अर्ध्याहून अधिक पीक बुडालें. मंदीचे दिवस होते. अनेक कुटुंबांनीं त्यानंतर तीं शेतें सोडलीं. येथें बुरशीनें विशेष कांहीं केलें नाहीं. तिच्या असंख्य बीजाणूंतून एकाला पुढें काढण्याचें काम माणसानेंच एकसारखा गहूं पेरून केलें होतें. अमुक गहूं तांबेरारोधक आहे असें बियाण्याच्या पोत्यावर छापलेलें असतें, तेव्हां कोणत्या वंशाला रोधक, आणि कोणत्या सालापर्यंत, हें त्यावर छापलेलें नसतें.

नवे वंश मुळांत येतात कोठून? एक जागा बार्बेरीची. कॅनडांतील क्रेगी यानें १९२७ सालीं दाखविलें कीं त्या झुडपावर बुरशीचा संकर होतो, आणि संकर झाला कीं संततींत नवे मेळ येतात. अमेरिकेनें १९१८ पासून बार्बेरी उपटण्याची जी मोहीम चालविली होती तिचें महत्त्व यामुळें दुणावलें. पूर्वीं वाटे कीं झुडूप गेलें म्हणजे रोगाची सुरुवात लांबेल. आतां कळलें कीं झुडपाबरोबर नव्या वंशांचा पाळणाही जातो. कुप्रसिद्ध १५-बी हा वंश १९३९ सालीं प्रथम सापडला तो बार्बेरीच्याच आसपास. दहा वर्षें तो गप्प राहिला आणि १९५० पासून उसळला. १९५४ सालीं त्यानें अमेरिकेंतील डुरम गव्हाचें, म्हणजे आपल्या बन्सीच्या कुळांतील गव्हाचें, सुमारें तीन-चतुर्थांश पीक नेलें. तेव्हां तेथील पैदासकारांना आठवण झाली ती यादींतल्या शेवटच्या नांवाची. १९५६ सालीं नॉर्थ डाकोटांत लँग्डन नांवाचा जो नवा डुरम गहूं निघाला, त्याच्या वंशवेलींत खपली आहे.

दुसरा मार्ग आकस्मिक बदलाचा. बीजाणूंची संख्याच इतकी अफाट आहे कीं कोट्यवधींत एकाद्याच्या जनुकांत चूक व्हावी, आणि ती चूक त्याच्या पथ्यावर पडावी, यांत नवल नाहीं. या चुकीचें स्वरूप हॅरल्ड फ्लोर यानें १९४० च्या दशकांत जवसाच्या तांबेऱ्यावर उलगडून दाखविलें. झाडांतील प्रतिकाराच्या एकेका जनुकाला बुरशींतील एकेक जनुक जोडीदार असतें. झाडाचें जनुक म्हणजे पहारेकरी, बुरशीचें जनुक म्हणजे अंगावरचा एक ओळखू येणारा डाग. पहारेकऱ्यानें डाग पाहिला कीं तो हांक मारतो आणि झाड तेवढ्या पेशी मारून बुरशीला उपाशी ठेवतें. बुरशीच्या एखाद्या बीजाणूचा तो डाग पुसला गेला, कीं पहारेकरी जागा असूनही त्याला कांहीं दिसत नाहीं. म्हणून एकाच पहारेकऱ्यावर विसंबलेला गहूं एका चुकीनें उघडा पडतो.

हिंदुस्थानांत बटलर आणि हेमन यांनीं १९०६ सालीं गव्हाच्या तांबेऱ्यांवर लिहिलें होतें. परंतु खरें कोडें सोडविलें तें आग्र्याचे प्राध्यापक करमचंद मेहता यांनीं. कोडें असें कीं, हिमालयांत दारुहळदीचीं झुडपें पुष्कळ आहेत, पण मैदानांतील गव्हाच्या तांबेऱ्याशीं त्यांचा संबंध जुळत नाहीं. मे-जूनच्या उन्हांत मैदानांत हिरवा गहूं नाहीं, आणि भुकटी त्या तापांत भाजून मरते. तरीही हिंवाळ्यांत तांबेरा हजर. तो येतो कोठून? मेहता यांनीं १९२३ पासून वर्षानुवर्षें टेकड्या पालथ्या घातल्या, हवेंत कांचपट्ट्या धरून बीजाणु पकडले, आणि १९४० सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रबंधांत निष्कर्ष मांडला कीं, उन्हाळ्यांत तांबेरा डोंगरांवर जगतो. उत्तरेस हिमालयाच्या उतारांवर, दक्षिणेस निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांत थंडावा असतो. तेथें उन्हाळ्यांतही गहूं उभा असतो, नाहीं तर सांडलेल्या दाण्यांचीं रोपें असतात, आणि त्यांवर बुरशी दिवस काढते. हिंवाळा आला कीं वारा तिला खालीं आणतो. लोकांनीं वाऱ्याला दिलेला दोष येथें खरा ठरला.

मेहता यांची सूचना अशी होती कीं, त्या डोंगरांवरील अवेळीं घेतलें जाणारें गव्हाचें पीक बंद करावें. कागदावर ही सूचना निर्दोष आहे. पण डोंगरावरच्या लहान शेतकऱ्यानें आपलें पोट बांधून मैदानांतील अनोळखी माणसाचा गहूं वाचवावा, ही अपेक्षा करणारानें त्याला त्या बदल्यांत काय द्यावयाचें याचाही विचार केला पाहिजे.

मेहता यांनीं येथील वंशांची ओळख पटविली तीही त्या बारा गव्हांवरच. म्हणजे सातारा-बेळगांवकडचा खपली समुद्रापार जाऊन, शास्त्राची कसोटी बनून, आग्र्याच्या कुंडींत परत आला.

काळ्या तांबेऱ्याचा दक्षिणेकडून येणारा रस्ता पुढें १९७० च्या दशकांत अधिक स्पष्ट झाला. नोव्हेंबरांत बंगालच्या उपसागरांत वादळें होतात. अशा एखाद्या वादळाचा वारा निलगिरीवरून बीजाणु उचलतो आणि मध्य हिंदुस्थानावर पाऊस पडला कीं त्या पावसाबरोबर ते खालीं उतरतात. गव्हाचीं रोपें त्या वेळीं कोंवळीं असतात. पुढचें हवामान दमट आणि उबदार राहिलें तर अनर्थ होतो. १९४६-४७ च्या हंगामांत तो झाला. मध्य हिंदुस्थान, वऱ्हाड, खानदेश या भागांत काळ्या तांबेऱ्यानें गव्हाचा चुराडा केला. शहरांतून धान्याचें रेशनिंग चालू होतें, देश फाळणीच्या तोंडावर होता, आणि खेड्यांत खळ्यावर आलेलें धान्य पाखडतांना सुपाबाहेर उडून जात होतें.

मुंबई इलाख्यांत त्या काळीं निफाडच्या केंद्रांत या कामास वेग आला. आफ्रिकेंतील केनियाच्या गव्हांत तांबेऱ्याचा प्रतिकार चांगला होता. त्यांचा निफाडच्या गव्हाशीं संकर करून ज्या जाती काढल्या त्यांना केनफाड असें जोडनांव दिलें. महाबळेश्वरला तांबेऱ्याच्या अभ्यासाचें केंद्र उभें राहिलें. सहल करणारे लोक स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवरून जातात, त्याच थंड हवेंत संशोधक उन्हाळ्यांतही बुरशी जिवंत ठेवूं शकतात. सिमल्यास मेहता यांनीं काढलेली फ्लॉवरडेलची प्रयोगशाळा आजही चालू आहे, आणि तेथें शंभराहून अधिक वंश निरनिराळे जतन करून ठेवलेले आहेत. वाघ पाळावे तसे ते पाळावे लागतात. एकाची भुकटी दुसऱ्यांत मिसळली कीं सर्व श्रम वायां.

स्टॅकमनचा एक विद्यार्थी नॉर्मन बोरलॉग. मेक्सिकोंत त्यानें तांबेऱ्याशीं झगडत जे ठेंगणे गहूं काढले त्यांच्यापासूनच १९६७ च्या सुमारास आपल्याकडे कल्याणसोना आला. देशानें धान्याच्या बाबतींत मोकळा श्वास घेतला तो या गव्हामुळें. परंतु सीरीसची गोष्ट येथेंही चुकली नाहीं. चार-पांच वर्षांतच तपकिरी तांबेऱ्याला कल्याणसोन्याची किल्ली सापडली, आणि त्या गव्हाची पीछेहाट सुरू झाली. त्यानंतर १९९५ सालीं आलेला पीबीडब्ल्यू ३४३ हा पंजाबचा गहूं असाच उत्तरेंत घरोघर पोहोंचला, आणि पिवळ्या तांबेऱ्याच्या एका नव्या वंशानें त्यालाही खालीं ओढलें.

काळ्या तांबेऱ्याच्या बाबतींत मात्र जग निर्धास्त झालें होतें. राय या धान्याच्या गुणसूत्राचा एक तुकडा गव्हांत आणलेला होता. त्यांतील एसआर ३१ नांवाचें जनुक जगभर कोट्यवधि एकरांवर पहारा करीत होतें, आणि तीसेक वर्षें कोणत्याच वंशाला तें फसवितां आलें नव्हतें. १९९८ सालीं युगांडांतील प्रयोगक्षेत्रांत एसआर ३१ असलेल्या गव्हांच्या कांड्यांवर विटकरी जखमा दिसल्या. पुढच्या वर्षीं तपासणी होऊन त्या वंशाला युगांडा आणि १९९९ यांवरून यूजी ९९ असें नांव मिळालें. तेथून तो केनियांत आणि इथिओपियांत गेला, २००६ सालीं येमेनमध्यें आढळला, २००७ सालीं इराणांत. वाटेंत तो तसाच राहिला नाहीं. २००६ सालीं केनियांत त्याच्या एका नव्या रूपानें एसआर २४ हें जनुक निकामी केलें, आणि पुढच्याच वर्षीं दुसऱ्या रूपानें एसआर ३६. नव्वदी ओलांडलेले बोरलॉग तेव्हां आजारपणांतही देशोदेशींच्या सरकारांना सावध करीत होते. हिंदुस्थानांतील गहूं २००५ पासून केनियांतील न्जोरो येथें पाठवून यूजी ९९ समोर उभे केले जातात. हा वंश आपल्या शेतांत अद्याप आलेला नाहीं. येण्यापूर्वींच त्याची परीक्षा घेतली जाते, ही गोष्ट या शास्त्रांत नवी आणि समाधानाची आहे.

यूजी ९९ जन्मला कसा, याचें उत्तर २०१९ सालीं मिळालें, आणि तें कोणाच्याही अंदाजांत पक्कें बसलेलें नव्हतें. तांबेऱ्याच्या विटकरी बीजाणूंत दोन केंद्रकें शेजारीं शेजारीं असतात. तीं एकमेकांत मिसळत नाहींत. यूजी ९९ च्या दोन केंद्रकांपैकीं एक केंद्रक दक्षिण आफ्रिकेंतून निघून ऑस्ट्रेलियांत पसरलेल्या एका जुन्या वंशाच्या केंद्रकाशीं जसेंच्या तसें जुळलें. म्हणजे बार्बेरी नाहीं, नरमादीचा संकर नाहीं. गव्हाच्या एकाच पानावर दोन निराळे वंश वाढत असतां त्यांचे तंतु चिकटले आणि त्यांनीं केंद्रकांची अदलाबदल केली. अशी अदलाबदल होत असावी, असा संशय प्रयोगशाळेंतील माणसांना कित्येक दशकांपासून होता. पण निसर्गांत इतका मोठा उत्पात तिच्यांतून झाला, हें प्रथमच सिद्ध झालें. झुडपें उपटून हा मार्ग बंद होत नाहीं.

या सर्व धामधुमींत खपलीचें काय झालें, हें श्रोत्यांना जाणून घ्यावेंसें वाटेल. खपलींत प्रतिकाराचीं जीं जनुकें आहेत त्यांपैकीं एसआर १३ हें डुरम गव्हांतून जगभर पसरलें आहे, आणि यूजी ९९ ला तें अडवितें. शंभर वर्षांपूर्वीं यादींत शेवटीं घातलेला गहूं अशा रीतीनें पुन्हां कामास आला. परंतु इथिओपियांत देब्रे झेइत येथील डुरमच्या क्षेत्रांत एसआर १३ लाही न जुमानणारे वंश सापडले आहेत. ते यूजी ९९ च्या कुळांतील नव्हेत. त्यांचें आणि यूजी ९९ चें एखाद्या पानावर शेजार झालें तर काय होईल, हा प्रश्न त्या देशांतील संशोधकांपुढें आहे.

म्हणून आतां गव्हांत एकाच पहारेकऱ्यावर न विसंबतां तीन-चार जनुकें एकत्र गुंफण्याची पद्धत आहे, आणि त्यांच्या जोडीला असा मंद प्रतिकारही शोधतात कीं ज्यांत पुळ्या उठतात पण उशिरा आणि थोड्या उठतात. निलगिरींतील वेलिंग्टन येथें वर्षभर गव्हाचे लहान वाफे उभे असतात. ते धान्यासाठीं नव्हेत. पैदासकार तेथें उन्हाळ्यांत गव्हाची एक पिढी अधिक काढून घेतात, आणि डोंगरावरचा तांबेरा आपोआप त्यांची परीक्षा घेतो. मैदानांत ठिकठिकाणीं तांबेऱ्याला सहज बळी पडणारे गहूं मुद्दाम पेरून ठेवतात. त्यांवर पहिली पुळी दिसली कीं तें पान कापून कागदाच्या पाकिटांत घालतात, वर गांवाचें नांव आणि तारीख लिहितात, आणि पाकीट महाबळेश्वराला अगर सिमल्याला रवाना करतात. तेथें कुंड्यांत रोपें तयार असतात. भुकटी लावली जाते, एक रात्र ओल ठेवली जाते, आणि चौदाव्या दिवशीं कोणी तरी भिंग हातांत घेऊन पानें वाचावयास बसतो.